एमआरआयमध्ये झीज दिसली, आता पाय जाणार का?

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे बेचाळिशीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन माझ्याकडे आले. हाडांच्या डॉक्टरांनी 'ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा' असं सांगितलं होतं. पण रिपोर्टवर कंबरेच्या चकतीची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची, झीज वाचल्यापासून त्यांनी वाकणंच सोडलं होतं. म्हशीची धार बंद, मांडी घालून जेवणं बंद. "मॅडम, मणक्यात गॅप पडलाय. आता पाय जाणार न्हवं?" एमआरआय हातात घेऊन येणारे बहुतेक जण हेच विचारतात.

वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. २०१५ साली कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांत झीज होती. "म्हणजे तुमच्या शिफ्टला तुमच्या वयाचे दहा जण असतील, तर सहा-सात जणांचा फोटो असाच निघंल," मी म्हटलं. ते हसले, पण उठताना कंबर धरूनच उठले. आकडे ऐकून भीती जात नाही.

खरी अडचण वहिनींच्या काळजीत होती. त्या त्यांना पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नव्हत्या. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून पोषण झिरपतं, आणि हालचाल त्याला मदत करते. हे मी मुद्दाम वहिनींना समजावलं. मग दोघांकडून भीतीची उतरंड लिहून घेतली: सगळ्यात खाली वाकून चप्पल घालणं, मधे धार काढणं, सगळ्यात वर पेंडीचं पोतं. फिजिओथेरपिस्टनं वाकण्या-उचलण्याची पद्धत शिकवली आणि ते खालून एकेक पायरी चढत गेले. थोडं दुखलं तर थांबायचं नाही, जरा कमी करायचं. वहिनींचं काम एकच: "जपून" म्हणायचं नाही. त्यांना हे पोत्यापेक्षा जड गेलं.

घाबरायचं कधी, तेही कागदावर लिहून दिलं: लघवी अडली किंवा संडास-लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत गेली, तर थेट दवाखाना.

कंबर अजून अधूनमधून धरते. मधे वहिनींचा फोन आला, "आज लई दुखतंय म्हणत्यात, झोपवू का?"

"कागदातलं काही आहे?"

"न्हाई."

"मग रंकाळ्यावर चालायला न्या."

"धार काढून झाली की नेते," त्या म्हणाल्या, "तेच बसलेत काढायला."