आई-बाबा कायमचे येतायत, इन्शुरन्सचं काय?

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, परदेशात मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांचा हेल्थ इन्शुरन्स, त्यामुळे बाकीचे टॅक्सचे आणि विलचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, मी न्यू जर्सीत एडिसनला असतो. सिटिझन झाल्यावर लगेच आई-बाबांचं आय-१३० (ग्रीनकार्डचा पहिला अर्ज) भरलं होतं, आता मुंबईला इंटरव्ह्यू होऊन व्हिसा पण आला, जूनमध्ये येतायत. बाबा ७१, बँकेतून रिटायर, पेन्शन आहे, शुगर आणि बीपी. आई ६७, गुडघे सोडले तर ठणठणीत. ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये घालायला गेलो तर एचआरने नाही सांगितलं. एक मित्र म्हणतो व्हिजिटर पॉलिसी, म्हणजे पाहुण्यांसाठीचा तात्पुरता इन्शुरन्स, घे आणि पाच वर्षं काढ. दुसरा म्हणतो ६५ च्या वर आहेत म्हणजे मेडिकेअर फुकट. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. एचआर मात्र बरोबर सांगतंय, कंपनीच्या प्लॅनमध्ये नवरा-बायको आणि २६ वर्षांपर्यंतची मुलं, आईवडील जवळपास कुठेच बसत नाहीत, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

मेडिकेअरचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी इन्शुरन्सचं सांगते. ६५ पूर्ण झालं की मिळतं हे ज्यांनी इथे १० वर्षं नोकरी केली, म्हणजे ४० क्वार्टर्स (तिमाही) भरले, त्यांच्यासाठी. तुमच्या आई-बाबांसारख्या ग्रीनकार्डवाल्यांना आधी अमेरिकेत सलग पाच वर्षं राहायला लागतं, आणि त्यानंतरही फुकट नाही, पैसे भरून घ्यायचं. मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सला) पण पाच वर्षांची आडकाठी आहे, १९९६ च्या कायद्यापासून. काही स्टेट्स स्वतःच्या पैशातून लवकर देतात पण न्यू जर्सीत मोठ्या माणसांना थांबावंच लागतं. म्हणजे तुमचा खरा प्रश्न पहिल्या पाच वर्षांचा आहे, आणि त्याला सरळ उत्तर एकच, मार्केटप्लेस, म्हणजे खाजगी कंपन्यांचे प्लॅन जिथे विकत मिळतात तो सरकारी बाजार. लोक ओबामाकेअर म्हणतात तेच. तुमच्याकडे त्याचं नाव गेट कव्हर्ड एनजे.

तिथे बाबांची शुगर आहे म्हणून कोणी नाही म्हणू शकत नाही आणि जास्त पैसेही लावू शकत नाही. वयाप्रमाणे रेट वाढतो, पण २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीच्या वर नाही आणि ६४ च्या पुढे सगळ्यांना एकच रेट, म्हणजे ६७ ची आई आणि ७१ चे बाबा दोघांचा हप्ता सारखाच येईल, त्यावरून गोंधळू नका. तरी आकडा ऐकून घाम फुटतो, सबसिडी नसेल तर बऱ्याच ठिकाणी माणशी महिन्याला हजार डॉलर किंवा वर.

आता सबसिडी. इथे नियम बदललाय आणि जुने व्हॉट्सॅप मेसेज अजून फिरतायत म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०२५ पर्यंत असं होतं की उत्पन्न अगदी कमी आहे पण पाच वर्षं झाली नाहीत म्हणून मेडिकेड मिळत नाही अशा ग्रीनकार्डवाल्यांना मार्केटप्लेसवर भरपूर सबसिडी मिळायची, कित्येकांच्या आईवडिलांचा हप्ता दोन आकडीत होता. जुलै २०२५ च्या कायद्याने ती सवलत काढली. २०२६ पासून उत्पन्न पॉव्हर्टी लेव्हलच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या, खाली असेल तर फेडरल सबसिडी नाही. दोघांच्या कुटुंबाला २०२६ च्या प्लॅनसाठी ही रेषा २१,१५० डॉलरची, म्हणजे साधारण १९ लाख रुपये. गंमत बघा, गरीब असाल तर मदत नाही आणि थोडे बरे असाल तर आहे.

मग बाबांचं उत्पन्न नीट मांडा. नुसतं पेन्शन नाही. एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, शेअर्सचा डिव्हिडंड सगळं धरायचं, कारण ग्रीनकार्ड आलं की जगभरचं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, आणि भारतात जे करमुक्त आहे ते इथे करमुक्त असेलच असं नाही, पीपीएफचं व्याज हे ठरलेलं उदाहरण. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) पण भरायचा. सगळं धरून रेषेच्या वर जात असाल तर दोघांनी जॉइंट रिटर्न भरून सबसिडी मागा. नसाल जात तर जाताय असं दाखवू नका! आधी घेतलेली जास्तीची सबसिडी वर्षअखेरीस परत करावी लागते आणि पूर्वी त्याला कमाल मर्यादा होती ती २०२६ पासून उडाली. न्यू जर्सी स्वतःच्या तिजोरीतून वेगळी मदत देतं, ती तुम्हाला लागू आहे का ते गेट कव्हर्डच्या असिस्टरला (अर्जाला मदत करणाऱ्या माणसाला) विचारा, त्याची फी नसते. आणि हो, आई-बाबांना तुमच्या रिटर्नमध्ये डिपेंडंट दाखवायचा विचार असेल तर तुमचा पगारच उत्पन्न म्हणून धरला जाईल, शिवाय बँकेचं पेन्शन असेल तर बहुतेक वेळा बाबा त्या व्याख्येत बसतच नाहीत.

तारखा सांभाळा. उतरल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा, ती खिडकी गेली की थेट १ नोव्हेंबरला उघडणार आणि कव्हर जानेवारीत. ५ जूनला उतरले आणि जूनमध्येच अर्ज झाला तर १ जुलैला सुरू. ग्रीनकार्डचं प्लॅस्टिक यायची वाट बघत बसू नका, इथेच लोक वेळ घालवतात. पासपोर्टमध्ये जो इमिग्रंट व्हिसा चिकटवलाय त्यावर एअरपोर्टवर शिक्का बसला की तोच वर्षभर ग्रीनकार्डचा पुरावा, त्यावर ए-नंबर छापलेला असतो, अर्जात तो टाकायचा. सोशल सिक्युरिटी नंबर यायचा असेल तरी अर्ज अडत नाही. फक्त त्या मधल्या २५-३० दिवसांसाठी मित्राने सांगितलेली व्हिजिटर पॉलिसी घ्या, घेताना ग्रीनकार्डवर येणाऱ्यांना चालते का ते विचारून. पाच वर्षं तिच्यावर काढणं म्हणजे छत्रीखाली संसार थाटणं. बाबांची शुगर आणि बीपी ती पॉलिसी सहसा धरतच नाही, आणि त्यांना त्रास व्हायचा तर त्यातूनच होणार.

प्लॅन निवडताना हप्ता बघून ब्रॉन्झवर (हप्ता कमी, पण उपचारांचा खर्च जास्त आपल्या खिशातून) उडी मारू नका, बाबांना दर तीन महिन्याला डॉक्टर आणि लॅब लागणार, सिल्व्हर किंवा गोल्डचा हिशोब मांडून बघा. आईचं वेगळं, तिला ब्रॉन्झ चालेल, दोघांनी एकच प्लॅन घ्यायला पाहिजे असं काही नाही.

प्रश्न: मी ७३ वर्षांचा, नाशिकला असतो. मुलाकडे ह्युस्टनला कायमचे चाललोय, म्हणजे मुलगा म्हणतो कायमचे. २०१९ ला स्टेंट टाकलाय. इथली मेडिक्लेम १४ वर्षांपासून चालू आहे, हप्ता भयंकर वाढलाय. तिकडे गेल्यावर काय उपयोग, बंद करावी म्हणतो. मुलगा आणि सून दोघंही बंद करा म्हणतात. तुमचं मत?

उत्तर: काका, मुलाला म्हणावं दोन वर्षं थांब. तुमच्या "मुलगा म्हणतो" मध्येच सगळं आलं. पहिली थंडी काढून, किंवा ह्युस्टनच्या बाबतीत पहिला उन्हाळा काढून, परत नाशिकला आलेले मी पुष्कळ बघितलेत आणि त्यात वाईट काहीच नाही, पण तेव्हा पंच्याहत्तरीत स्टेंटसकट नवीन पॉलिसी काढायची म्हणजे काय प्रकार असतो ते त्यांना विचारा.

भारतातली पॉलिसी अमेरिकेत चालत नाही हे खरं, पण तुम्ही १४ वर्षांत जे कमावलंय ते हप्त्यात दिसत नाही. आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड संपलाय. शिवाय सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सोडून दुसऱ्या कुठल्याही लपवाछपवीच्या नावाखाली कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, विमा नियामक आयआरडीएआयने ही मुदत २०२४ ला आठवरून पाचवर आणली. बंद केली की परत शून्य. नवीन घ्यायला वयाची अट आता राहिली नाही असं पेपरात वाचलं असेल, पण अट नाही म्हणजे तुमचा अर्ज मंजूर करतीलच असं नव्हे. हप्ता जड जात असेल तर सम इन्शुअर्ड थोडं कमी करून चालू ठेवता येतं का ते एजंटला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढा तरी दिलासा. रिन्यूअल मात्र ऑटो-डेबिटवर टाका, तिकडे गेल्यावर ओटीपी भारतातल्या बंद पडलेल्या नंबरवर येतो आणि पॉलिसी नकळत लॅप्स होते.

निघायच्या आधी डॉक्टरांकडून औषधांची यादी जेनेरिक नावाने, टाइप करून, सहीशिक्क्यासकट घ्या. "टेल्मा ४०" म्हटलं तर तिकडच्या फार्मसीत कोणाला कळणार नाही, टेल्मिसार्टन म्हटलं की लगेच. शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेत असाल तर तिथे ती एकात मिळत नाही, दोन वेगळ्या घ्याव्या लागतील. सोबत ९० दिवसांपर्यंतची औषधं न्या, मूळ पाकिटात, घरच्या डब्यात काढून नको. स्टेंटचं कार्ड आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट केबिन बॅगेत.

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात असते. आईला ग्रीनकार्डवर येऊन पुढच्या मार्चमध्ये पाच वर्षं होतील. वय ७२. मी १६ वर्षं टॅक्स भरतेय, माझ्या वर्षांवर तिला मेडिकेअर फ्री मिळेल ना? आणि ती भारतात ३१ वर्षं शिक्षिका होती, पीएफ वगैरे कापला जायचा, ते धरतात का?

उत्तर: नाही आणि नाही. स्वतःची किंवा नवऱ्याची वर्षं चालतात, मुलांची नाही. भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार झालेला नाही त्यामुळे तिकडची ३१ वर्षं इथे शून्य. माझं मत विचाराल तर हा अन्याय आहे, पण कायदा माझ्या मताने चालत नाही.

२०२६ चे रेट असे: पार्ट ए (हॉस्पिटलचा) महिन्याला ५६५ डॉलर, पार्ट बी (डॉक्टर आणि बाहेरच्या उपचारांचा) २०२.९०. नुसता बी घेता येतो, नुसता ए विकत मिळत नाही. वर औषधांचा पार्ट डी. हिशोब जड वाटला तरी मार्केटप्लेसच्या आताच्या हप्त्याशी तुलना करा, बऱ्याचदा मेडिकेअर स्वस्त पडतं. आणि आईचं स्वतःचं उत्पन्न अगदी कमी असेल तर पाच वर्षांनंतर फेडरल मेडिकेडचा, तुमच्याकडे मेडी-कॅलचा, रस्ताही उघडतो आणि तिथून मेडिकेअरचे हप्ते भरायला मदत मिळू शकते, दोन्ही अर्ज एकदमच करा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या तीन महिने आधीच सोशल सिक्युरिटी ऑफिसची अपॉइंटमेंट घ्या. उशीर झाला तर पार्ट बी ला दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड आणि तो सहसा कायमचा चिकटतो. जुने-नवे पासपोर्ट दोन्ही न्या. ती दर हिवाळ्यात पुण्याला जाते असं तुम्ही पुढे लिहिलंय, एका वेळी सहा महिन्यांच्या आत परत आली असेल तर सहसा अडचण येत नाही, एखादी फेरी त्याच्या वर गेली असेल तर "सलग" वरून प्रश्न येणार, त्याचं कारण आणि इथल्या घराचे कागद तयार ठेवा.

प्रश्न: एच-१बी वर डॅलसला आहे, आई सहा महिने येतेय, ६९, बायपास झालेली. १ लाख डॉलरची पॉलिसी स्वस्तात मिळतेय. घेऊ?

उत्तर: स्वस्त का आहे ते बघा. "फिक्स्ड बेनिफिट" लिहिलं असेल तर वरचा १ लाखाचा आकडा विसरा आणि आतला तक्ता वाचा, हॉस्पिटलच्या एका दिवसाला इतके, सर्जनला इतके, असे ठरलेले पैसे, बिल कितीही येवो. "कॉम्प्रिहेन्सिव्ह" घ्या. बायपासवाल्या आईसाठी दुसरी ओळ शोधायची ती "अ‍ॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन". म्हणजे जुन्या आजाराचा अचानक झटका आला तर भरतात, तेही ठराविक तासांत हॉस्पिटलला पोचलात तर. ७० नंतर या कलमाची मर्यादा बऱ्याच पॉलिसीत एकदम खाली येते, आई ६९ ची आहे तर वाढदिवस मुक्कामाच्या मध्ये येतोय का तेही बघा. रुटीन चेकअप आणि नेहमीची औषधं बहुतेक व्हिजिटर पॉलिसीत नसतात. ग्रीनकार्डचं पण विचारलंय तुम्ही, ते तुम्ही सिटिझन झाल्याशिवाय नाही.

प्रश्न: टोरांटोला आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा (कॅनडाचा जास्त मुदतीचा व्हिजिटर व्हिसा) काढतोय. इन्शुरन्स भारतातल्या कंपनीचा चालेल का?

उत्तर: जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरची कंपनी चालते, पण ती कॅनडाच्या ओएसएफआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) परवानगीच्या यादीत असेल तरच, तेव्हा एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर, किमान एक वर्ष, आणि पूर्ण पैसे किंवा हप्त्याची पहिली रक्कम भरलेली हवी, नुसतं कोटेशन चालत नाही. व्हिसा नाकारला तर रिफंड मिळेल असं पॉलिसीवर लिहून घ्या.

प्रश्न: सासूबाई ग्रीनकार्डवर आल्या आणि इन्शुरन्स सुरू व्हायच्या आधीच पडल्या, मनगट मोडलं. ईआरचं (इमर्जन्सी विभागाचं) बिल ११ हजार डॉलर आलंय. हॉस्पिटल मोठं आहे, रोज फोन येतो.

उत्तर: अजून काही भरू नका. आधी आयटमाइज्ड बिल मागा, त्यात एकच एक्सरे दोनदा लागलेला सापडतो. मग हॉस्पिटल नॉनप्रॉफिट आहे का बघा, असेल तर कायद्याने त्यांना फायनान्शियल असिस्टन्सची पॉलिसी ठेवावीच लागते आणि पहिल्या बिलानंतर २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. अर्ज सासूबाईंच्या नावाने, उत्पन्न त्यांचं. फॉर्ममध्ये घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न विचारलं असेल तर त्यांची "हाउसहोल्ड" ची व्याख्या वाचून मगच लिहा. अ‍ॅडमिशन काउंटरवर तुमच्या मिस्टरांनी "गॅरंटर" म्हणजे बिलाची हमी घेणारा म्हणून सही केली होती का ते आज शोधा, त्यावर पुढचं सगळं ठरेल. केली असेल तर त्या कागदाची कॉपी मला पाठवा, नाव आणि नंबर खोडून.