तारे सहाव्या ओळीत, दुखणं पहिल्या

प्रश्न : मुलगी फ्रँकफुर्टजवळ शिकते. रोज रात्री नऊला आम्ही व्हिडिओ कॉल करतो. पाच मिनिटांत तिचा चेहरा थिजतो आणि आवाज तुटतो. नेटवाला म्हणतो, 'आमच्याकडून सगळं ओके आहे.' भाच्याच्या सांगण्यावरून तिच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ट्रेसर्ट, म्हणजे नेटची वाट ओळीओळीने दाखवणारी आज्ञा, चालवलं. सहाव्या ओळीत नुसते तारे आले आणि आठवीत तीनशेच्या वर आकडा. कोणी मध्येच लाइन अडवतंय का? हॅकर असेल का? प्रिंट सोबत जोडली आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, प्रिंट पाठवलीत हे फार बरं केलंत. लोक मला 'नेट स्लो आहे' एवढंच लिहितात. म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढंच सांगण्यासारखं. सहाव्या ओळीभोवती तुम्ही लाल पेनाने गोल केलाय. तो पुसा आणि पहिल्या ओळीभोवती काढा. का, ते सांगतो.

नेटवर्क-तज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८०च्या दशकात ट्रेसराउट हा प्रोग्राम लिहिला. विंडोजमधलं ट्रेसर्ट हा त्याचाच भाऊ. युक्ती साधी आहे. नेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पाकीट पुढे धाडणारं यंत्र, त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम आधी १ लिहून पाठवतं, मग २, मग ३. त्यामुळे वाटेतला एकेक राउटर टोलनाक्यासारखा स्वतःहून आपला पत्ता सांगतो. प्रत्येक नाक्यावर तीन पाकिटं जातात, म्हणून ओळीत जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचे तीन आकडे दिसतात, मिलिसेकंदांत.

तारे म्हणजे त्या नाक्याने उत्तर दिलं नाही, एवढंच. बऱ्याच ठिकाणी ही उत्तरं बंदच ठेवतात. पण गाड्या पुढे गेल्यात, नाहीतर सातवी ओळ आलीच नसती! आठवीतल्या ३१२चंही तसंच. राउटरचं मुख्य काम पाकिटं पुढे ढकलण्याचं, तुम्हा-आम्हाला उत्तरं देण्याचं काम तो सवडीने करतो. तिथे खरंच तुंबलं असतं, तर पुढच्या सगळ्या ओळी तीनशेच्या वर गेल्या असत्या. तुमची शेवटची ओळ म्हणते १३४, १३१, २९०.

त्यातले १३०च्या आसपासचे आकडे अंतराचे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. मुंबई ते फ्रँकफुर्ट सरळ रेषेतच साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ६५ कुठेच गेले नाहीत आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. एवढ्या उशिराने बोलणं अडत नाही.

मग तो २९० कुठून आला? आता पहिली ओळ वाचा : २, १८७, ३. ही ओळ म्हणजे तुमच्याच घरातला डबा, वायफायचा राउटर, लॅपटॉपपासून फार तर दोन खोल्या लांब. तिथपर्यंत जाऊन यायला १८७ मिलिसेकंद! फ्रँकफुर्टच्या फेरीपेक्षा जास्त. मला इथे वायफायचा संशय आहे, आणि रात्री नऊची वेळ त्याला पुष्टीच देते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्या वेळी अख्खी बिल्डिंग तिथे बसलेली असते.

हसू नका, मीही यातून गेलोय. तीन दिवस कस्टमर केअरशी भांडलो. शेवटी सौ. म्हणाली, 'मी मांडणीतले डबे काढायला गेले की तुमचं चालतं.' राउटर त्याच स्टीलच्या मांडणीमागे होता, वायफाय तिथेच अडत होतं.

तर आज रात्री नऊला असं करा. ट्रेसर्ट चालवलंत त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. 'डिफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा, तो डब्याचा पत्ता. मग पिंग (ping, हाक मारून उत्तराची वेळ मोजणारी आज्ञा), तो पत्ता, उणे चिन्ह, एन, ५० असं टाइप करा. मध्ये मोकळ्या जागा सोडा, पण उणे आणि एन जोडून. पन्नास उत्तरं येतील. मग लॅन केबलने लॅपटॉप थेट डब्याला जोडून तेच परत. केबलवर सगळे १-२ आणि वायफायवर शेकडे आले, तर नेटवाला खरं बोलत होता. डबा हलवा किंवा वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा.

केबलवरच ट्रेसर्टही पुन्हा चालवा. पहिली ओळ स्वच्छ आणि दुसरीपासून शेवटपर्यंत आकडे उड्या मारत असतील, तर मात्र त्याला सोडू नका. रात्रीची आणि सकाळी सहाची अशा दोन प्रिंट त्याच्यासमोर ठेवा. एक लक्षात असू द्या, कॉलची पाकिटं विद्यापीठाच्या वाटेने जातीलच असं नाही. पण पहिल्या दोन ओळी तुमच्या घरातून निघणाऱ्या सगळ्या पाकिटांना सारख्याच.