चांदीची पट्टी: सुरुवातीला एवढं सांभाळ

पोरी, बाबांच्या पायाच्या जखमेची ड्रेसिंग तू घरी चांदीच्या, म्हणजे चांदीचं औषध असलेल्या पट्टीने करतेस, हे चांगलंच. मी वॉर्डात वर्षानुवर्षं हेच केलं, म्हणून सांगते.

पहिली चूक सगळेच करतात: चांदी म्हणजे भारी औषध, मग ठेवा लावत. चांदी जंतू मारते, पण नवी कातडी धरणाऱ्या पेशींनाही त्रास देते. जखम स्वच्छ, लालसर दिसू लागली की डॉक्टरांना विचार, साधी पट्टी चालेल का? दोन आठवड्यांनी तर फेरविचार हवाच. सीताबर्डीच्या दुकानातून परस्पर दुसरा डबा आणू नकोस.

- सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीचं मलम नको. शेजारच्या तान्ह्या बाळाला तर हे मलम अजिबात लावू देऊ नकोस.
- एमआरआय असेल तर पट्टीबद्दल आधी सांग.
- काही चांदीच्या पट्ट्या सलाइनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, भिजवायच्या नसतात. त्यातल्या क्लोराइडने चांदीचा असर घटतो. पाकिटावर वाच.

पट्टी काळी-करडी झाली तर घाबरू नकोस. मलमाखाली पिवळट पापुद्रा धरतो, लोक त्याला पू समजतात अन् खरवडतात. बाई, ते नको करू! मात्र लाली पसरली, वास आला, ताप चढला, तर सरळ मेडिकल नाहीतर मेयो, नागपूरचं कुठलंही सरकारी हॉस्पिटल गाठ.

अन् मे महिन्यात घामाने पट्टी सुटतेच. कुलरसमोर बसवून बदल, पण वारा थेट जखमेवर नको.