घर कोणते, हे ठरवण्याची घाई करू नका

परदेशात येऊन तुम्हाला चारच महिने झाले आहेत, म्हणून माझी पहिली विनंती ही की, इथेच राहायचे की परतायचे हा निर्णय सगळे ऋतू अनुभवून होईपर्यंत लांबणीवर टाका. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली सांस्कृतिक धक्क्याचे, म्हणजे अनोळखी संस्कृतीत राहू लागल्यावर मनाच्या होणाऱ्या गोंधळाचे, जे टप्पे मांडले, त्यांत सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर चीड आणि उदासी येते, सावरणे त्यानंतरचे असते. त्या मधल्या काळात मनाने दिलेला कौल अखेरचा मानू नये.

अनेक देशांच्या करकायद्यांत वर्षातील १८३ दिवसांचा मुक्काम माणसाला रहिवासी ठरवतो, मनाचा हिशेब मात्र वेगळा असतो. एकदा सुटीहून परतल्यावर अंधारात दिव्याचे बटण न चाचपडता हाताला लागले, तेव्हा ही खोली आपली झाल्याचे मला प्रथम जाणवले. त्याच रात्री फोनवर आईचा आवाज ऐकून डोळे भरून आले, तेही तितकेच खरे होते.

मायदेशी जाल तेव्हा पाहुण्यासारखे आठ दिवस न राहता महिनाभर राहा आणि बँकेची, दवाखान्याची कामे स्वतः करा, कारण आठवणीतले घर आणि आजचे घर यांतले अंतर तेव्हाच कळते. पासपोर्ट आणि वास्तव्याचा परवाना यांची मुदत मात्र कधीही संपू देऊ नका.