उघडी मॉरिस, डिसेंबरची पहाट आणि आईंचा जोतिबा

प्रश्न : नमस्कार काका, आमच्याकडं आजोबांची १९३६ ची मॉरिस एट टूरर आहे, चार सीटची, उघड्या टपाची. दोन वर्षं खपून आता रस्त्यावर आणलीय. आईचं वय ७४, ती लग्नानंतर पहिल्यांदा जोतिबाला गेली ती याच गाडीतून, त्यामुळं तिचा हट्ट आहे की परत एकदा तसंच जायचं, पहाटे, आणि टप उघडा ठेवूनच. गेल्या रविवारी ट्रायल म्हणून वडणग्यापर्यंत गेलो तर मी दोन स्वेटर घालून पण कुडकुडलो आणि आई मागच्या सीटवर पार गारठली, घरी आल्यावर तासभर बोलेना. गाडीला हीटर नाही. मित्र म्हणतो १२ व्होल्टचं गरम होणारं सीट कव्हर मिळतं ते लाव, शेजारचे म्हणतात पायाशी छोटी शेगडी ठेवा. काय करू?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : शेगडी नको. जुन्या कार्बोरेटरची पेट्रोलची गाडी, कुठंतरी थेंब गळतोच, त्यात विस्तव घेऊन बसायचं नाही. आणि मध्येच थंडी वाजली म्हणून टप ओढलात तर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, त्याला वास नसतो, माणूस पेंगतो आणि कळत पण नाही. शेजाऱ्यांनी मायेनं सांगितलं असेल, पण नको.

सीट कव्हरचं म्हणाल तर तुमची मॉरिस ६ व्होल्टची आहे. १२ व्होल्टची वस्तू ६ वर लावली की ती निम्मी नाही, पावच गरम होते, म्हणजे झालीच नाही म्हणा. आणि तो डायनॅमो बिचारा एवढासा, पहाटे हेडलाइट चालू असताना त्याच्यावर अजून बोजा कशाला. त्यापेक्षा रबराची गरम पाण्याची पिशवी घ्या, फडक्यात गुंडाळून आईंच्या मांडीवर द्या आणि दुसरी पायाशी. जोतिबा आपल्यापासून वीसेक किलोमीटर, तेवढ्याला ती पुरते.

आता मुख्य गोष्ट. उघड्या गाडीत थंडी मारत नाही, वारा मारतो. हवा १० डिग्री असेल आणि तुम्ही ताशी ५० नं निघालात तर उघड्या कातडीला ते साडेपाच डिग्रीसारखं लागतं. आणि हा वारा समोरून येतो असं सगळ्यांना वाटतं, तो येतो मागून. काचेवरून गेलेली हवा काचेच्या मागच्या पोकळीत वळून परत आत शिरते आणि थेट मानेवर, पाठीवर येते. खोटं वाटत असेल तर पुढच्या सीटच्या पाठीला लोकरीचा एक वीतभर धागा बांधा आणि ४० नं गाडी चालवा. धागा मागं उडायला पाहिजे ना? तो पुढं, काचेकडं उडतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा गाडी बाजूला घेऊन परत परत तपासलं होतं, आणि त्या दिवसापासून स्वेटरवर स्वेटर घालणं बंद केलं.

म्हणून आईंना मागं बसवू नका. उघड्या टूररमध्ये मागची सीट सगळ्यात गार, तिथं काचेचा काहीच आडोसा नाही. त्यांना पुढं तुमच्या शेजारी घ्या, मागची सीट रिकामी ठेवा आणि पुढच्या सीटच्या पाठीपासून मागपर्यंत ताडपत्रीचं कव्हर ताणून बटणं लावा, म्हणजे मागून वळणारी हवा वरच्यावर निघून जाते. सीट कव्हर शिवणारा कुठलाही चांगला कारागीर एका दिवसात करून देतो. तसेच दाराचे साइड कर्टन, म्हणजे काचेऐवजी दारावर बसवायचे पडदे, टप खाली असताना पण ते लावता येतात का बघा, हरवले असतील तर रेक्झिन आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचे नवीन करून घ्या. एवढ्या दोन गोष्टींनी अर्धं काम झालं, आणि टप उघडाच राहिला की, आईंना आकाश दिसतंय!

वारा शिरायची दुसरी जागा पायाखालची. पेडलच्या फटी, गिअरबॉक्सवरचं झाकण, वायरी जातात ती भोकं, लाकडी फळ्यांमधल्या चिरा. रात्री गाडीखाली पेटती बॅटरी ठेवा आणि आत वाकून बघा, जिथून उजेड दिसेल तिथून वारा येतोय, आणि इंजिनचा धूर पण तिथूनच येतो. भोकांत रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणारी रबराची कडी घाला, वर जाड नमदा अंथरा. सायलेन्सरचे सांधे पण बघून घ्या.

कपड्यांत आतला थर सुती नको, घाम धरून ठेवतो आणि मग गार पडतो. लोकर आत, वारा न शिरणारं जाकीट वर. आणि मांडीवर आपली धनगरी घोंगडी. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिऊन पण ऊब सोडत नाही, पहाटेच्या दवात याचा फार उपयोग. पण घोंगडी आईंच्या मांडीवर, तुमच्या नाही. एका जानेवारीत गगनबावड्याहून येताना माझ्या मांडीवरची घोंगडी घसरून क्लचखाली गेली, पेडल दाबतोय तर खाली जाईना, समोर उसाची ट्रॉली, आणि बोटं इतकी बधिर की गिअरचा दांडा हातात आहे का नाही तेच कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी चालवताना घोंगडी घेत नाही, जाड पँट आणि गुडघ्याला लोकरीच्या पट्ट्या. हातमोजे चामड्याचे आणि मनगटाच्या वरपर्यंत येणारे घ्या, कारण वळताना उजवा हात बाहेर काढून दाखवावा लागतो आणि वारा बाहीतून काखेपर्यंत जातो.

मफलर आणि पदर याबद्दल कळकळीनं सांगतो. इझाडोरा डंकन ही मोठी नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरात उघड्या गाडीतून जाताना गेली, गळ्यातला लांब स्कार्फ मागच्या चाकात अडकला. आपल्याकडं स्कूटरवर पदराचं तेच होतं. आईंचा पदर कमरेला खोचा, वरून जाकीट घालून चेन लावा, कानटोपी घाला, मफलर नकोच.

निघायची वेळ बदला. सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या आसपासची असते, आणि डिसेंबरात आपल्याकडं उजाडतंच सातच्या दरम्यान. साडेपाचला अंधारात निघून पंचगंगेच्या काठच्या धुक्यात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं जाण्यात काय अर्थ आहे, साडेसातला निघा, ऊन कोवळं असतं. वेग ४० च्या वर नको, ४० चे ६० केलेत तर वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो. निघण्याआधी पोटात काहीतरी गरम जाऊ द्या.

इंजिनला पण थंडी वाजते हां. या गाडीला वॉटर पंप नाही, पाणी गरम होऊन आपोआप फिरतं, त्यामुळं गार हवेत इंजिन लवकर तापत नाही आणि चोक ओढून ओढून धापा टाकत चालतं. रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागापुढं पुठ्ठा लावा. केर्ली सोडून डोंगर चढायला लागायच्या आधी मात्र आठवणीनं काढा, नाहीतर वर पोचेपर्यंत पाणी उकळतं.

वाटेत एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा. विचारून चुलवाणापाशी आईंना पाच मिनिटं बसवा, चिपाडाच्या जाळाची ऊब हाडापर्यंत जाते, आणि काहिलीतली गरम काकवी वाटीभर मागून घ्या, कोण नाही म्हणत नाही. तुमचे हात पण तिथंच शेकून घ्या, पुढं घाट आहे.

आणि येताना दोघांनी गॉगल घालाच. डोक्यावर पडलेला गुलाल ४० च्या वेगाला त्याच मागून येणाऱ्या वाऱ्यानं उडून पुढं डोळ्यात येतो, देवळातून निघताना केस झटकून घ्या, तरी राहतोच.