चहातली गोळी मलाच कडू का लागते?

प्रश्न : आमच्या ह्यांना दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. एका घरात दोन प्रकारचा चहा कशाला, म्हणून मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि सगळ्यांच्याच कपात गोळी टाकायला लागले. ह्यांना आणि सासूबाईंना काही वेगळं वाटत नाही. मला मात्र शेवटच्या घोटानंतर जिभेच्या मागच्या बाजूला औषधासारखं कडवट लागतं. गोड कमी पडतंय असं वाटून दोन गोळ्या टाकल्या, तर आणखीच कडू. मुलगीही अर्धा कप तसाच ठेवून उठते. हे म्हणतात, “तुम्हा मायलेकींना साखर सुटत नाही, बाकी काही नाही.” खरंच हे आमच्या मनाचे खेळ आहेत का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुम्हाला लागतो तो कडवटपणा खरा आहे. आणि तुमच्या ह्यांना तो लागत नाही, हेही तितकंच खरं. उगाच भांडू नका.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण एकेकाळी मीही तुमच्या ह्यांच्याच बाजूची होते. ठाण्याच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी चव-चाचणीच्या खोलीत काढली. खोली कसली, लाकडी आडोसे घातलेले सहा कप्पे. वर लाल दिवा, म्हणजे सरबताचा रंग पाहून कुणी मत बनवू नये. तोंडात पान नको, अंगाला अत्तर नको, दोन नमुन्यांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा बिस्किटाचा तुकडा. नव्वदच्या सुमाराला सॅकरीन, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोड पदार्थ, घातलेलं एक सरबत चाचणीला आलं. अकरा जणांपैकी चौघांनी कागदावर “कडू” लिहिलं, बाकीच्यांना ते छान गोड लागलं. मलाही. मला वाटलं, चौघं कँटीनमध्ये एकत्र जेवतात, तिथेच ठरवून आलेत. म्हणून कपांवर तीन आकडी नंबर टाकले, क्रम बदलला, आठवड्याभराने पुन्हा बोलावलं. तेच चौघं, तेच कप, तोच शब्द. तेव्हा कारण कळलं नाही, पण त्या चौघांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

कारण पुढे २००४ साली समजलं. जिभेवर गोड ओळखायला मुख्यतः एकच दार आहे. साखर, सॅकरीन, अ‍ॅस्पार्टेम सगळे त्याच दाराने आत येतात. कडूची मात्र जवळपास पंचवीस दारं आहेत. विष बहुधा कडू असतं, तेव्हा निसर्गाने तिथे पहारा जास्त ठेवला असणार. सॅकरीन आणि असेसल्फेम-के हे दोन पदार्थ गोडाचं दार उघडतातच, शिवाय कडूच्या पंचवीसपैकी दोन दारंही ढकलतात. ही दोन दारं सगळ्यांच्या जिभेवर सारखी नसतात. कुणाची हलक्या हाताने उघडतात, कुणाची धक्का मारूनही नाही. आणि तो फरक जनुकांतून येतो. मुलीने कप अर्धा ठेवला तो हट्टाने नव्हे, बहुतेक तुमच्याकडूनच घेऊन ठेवला.

दुसऱ्या गोळीने कडू का वाढलं, तेही यातच आलं. साखर वाढवली की गोडी बराच वेळ वाढत जाते. सॅकरीनची गोडी एका मर्यादेला थबकते, पुढे कडूच वर येतं. प्रमाण फार झालं तर ते गोडाच्या दारालाच कडी घालतं. लहानपणी शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडचा बर्फाचा गोळा चोखून झाल्यावर माठातलं पाणी गोड लागायचं, आठवतं का? माझा अंदाज आहे की त्या सरबतात सॅकरीनची चंगळ असायची. पाण्याने ते धुतलं गेलं की कडी निघते आणि जीभ एकदम “गोड!” म्हणते. (आवळा खाल्ल्यावरचं गोड पाणी हे प्रकरण वेगळं, दोन्ही एकात घालू नका.)

गोडाचं दार एकच, याचा पुरावा हवा असेल तर गुडमारचं पान मिळवा, म्हणजे मधुनाशिनी. कोकणातल्या एका मैत्रिणीने मला आणून दिलं होतं. पान चावून पेढा तोंडात टाकला, तर नुसता तुपकट खवा. साखर वाळूसारखी. गोळी चाखली, तर तिचीही गोडी गायब. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत झालं, पण तेवढा वेळ मी चांगलीच घाबरले होते.

आता कामाचं. डबी उलटी करून चष्मा लावा आणि घटकांच्या यादीतला नंबर बघा. सॅकरीन म्हणजे ९५४, असेसल्फेम-के म्हणजे ९५०, अ‍ॅस्पार्टेम ९५१, सुक्रालोज ९५५, स्टीव्हिया ९६०. तुमच्या डबीवर ९५४ किंवा ९५० असेल तर ९५१ किंवा ९५५ ची आणून पाहा. स्टीव्हियाचं मात्र सांगू नका, त्याची स्वतःची ज्येष्ठमधासारखी कडसर शेपटी आहे आणि ती मला लागते! अ‍ॅस्पार्टेमची गोडी साखरेपेक्षा जरा उशिरा येते आणि रेंगाळते, सुक्रालोजचंही तसंच. आमच्याकडे स्टॉपवॉच लावून हे मोजायचे. चहा संपून कपबशी धुतली तरी तोंड गोडच, हे काहींना कडूपेक्षाही नकोसं होतं. शिवाय चमचाभर साखर चार-पाच ग्रॅमची, तेवढ्याच गोडीला अ‍ॅस्पार्टेम लागतं वीस-पंचवीस मिलिग्रॅम. साखरेचा दाटपणाच गेला, तेव्हा चहा पाणचट वाटतो तो दूधवाल्यामुळे नव्हे.

आणि ह्यांची खात्री पटवायची असेल, तर मुलीला तीन कप भरायला सांगा. दोन साखरेचे, एक गोळीचा, किंवा उलट. चहा एकाच पातेल्यातला, कप सारखे, तुम्ही पाठमोऱ्या. वेगळा कोणता तेवढं ओळखायचं. ह्यांना त्यातला साखरेचा घोट देऊ नका, ते फक्त बघतील. सहा दिवस करा. नुसत्या अंदाजाने सहापैकी दोनदा बरोबर येतं. तुमचं पाचदा आलं, की कागद फ्रीजवर चिकटवा.

गोळ्या घ्याव्यात की घेऊ नयेत, हा मात्र तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. पण तुम्हाला शुगर नसेल आणि केवळ सोबत म्हणून कडू घोट गिळत असाल, तर कमी साखरेचा वेगळा कप करून घ्या. दोन पातेली लागत नाहीत.

प्रश्न : वडिलांसाठी शेवयांच्या खिरीत साखरेऐवजी पावडर घालून चांगली दहा मिनिटं उकळली. आधी चाखली तेव्हा गोड होती, वाढली तेव्हा आळणी. पावडर बनावट होती का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बनावट नसावी, अ‍ॅस्पार्टेम असावी. ते उष्णतेत जास्त वेळ टिकत नाही, त्याचा रेणू मोडतो आणि मोडलेल्या तुकड्यांना गोडी नसते. खीर उतरवून कोमट झाल्यावर घाला. उकळायचीच असेल तर सुक्रालोज बरं. पण लाडवाचा पाक यातल्या कशाचाच होणार नाही. तार साखरेची येते, गोडीची नव्हे. संक्रांतीला मला दर वर्षी याबद्दल चार पत्रं येतात.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. साखरेपेक्षा शेकडो पट गोड पदार्थ शोधले कसे? प्रयोगशाळेत तर काहीच चाखायचं नाही असं आम्हाला शिकवतात.
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : शिकवतात ते बरोबर, पण ही सगळी मंडळी नियम मोडूनच प्रसिद्ध झाली. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फाल्बर्ग डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होता. हात न धुता जेवायला बसला, पाव गोड लागला. मिश्या पुसल्या तर रुमाल त्याहून गोड. मग पळत प्रयोगशाळेत जाऊन त्याने टेबलावरची भांडी चाखत सुटायला सुरुवात केली. ते सॅकरीन. १९३७ मध्ये मायकेल स्वेडाने टेबलावर टेकवलेली सिगारेट ओठांना लावली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटलं, ते अ‍ॅस्पार्टेम.

मला सगळ्यात आवडते ती १९७६ ची, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातली. तिथे शशिकांत फडणीस नावाचा विद्यार्थी साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडत होता. प्राध्यापक लेस्ली हफ यांनी सांगितलं “टेस्ट” कर, म्हणजे तपासून बघ. फडणीसांना ऐकू आलं “टेस्ट”, म्हणजे चाखून बघ. आपल्या लिपीत दोन्ही शब्द सारखेच, मग कानाला तरी किती दोष द्यायचा? त्यांनी चाखलं. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. वरच्या उत्तरातली ९५५ नंबरची पावडर ती हीच.