वाचकांचे प्रश्न : नदीकाठचं गरम पाणी

या वेळच्या टपालात एकाच विषयाची तीन पत्रं निघाली, म्हणून सगळी जागा त्यांनाच देते.

प्रश्न : आम्ही चार मित्र जंगलातल्या नदीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाणार आहोत. तिथे पायऱ्या, कठडा, पाटी असलं काहीच नाही; कोणीतरी दगड रचून कुंड केलंय एवढंच. पाणी अंगाला सोसेल की नाही हे उतरण्याआधी कसं ओळखावं? आणि असे झरे नेमके नदीच्या काठालाच का असतात?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं, त्यामुळे दोनेक किलोमीटर खाली गेलेलं पाणी तापायला ज्वालामुखी शेजारी असावाच लागतो असं नाही. तापलेलं पाणी हलकं होतं आणि एखादी मोठी भेग सापडली की भराभर वर येतं. वाटेत निवायला त्याला सवड मिळत नाही. बाहेर पडायला त्याला सखल जागा सोपी, आणि दरीतली सर्वांत सखल जागा नदीने आधीच कोरून ठेवलेली असते. त्यातून, जिथला खडक फुटलेला असतो तिथेच नदीलाही वाट काढणं सोपं जातं. एकाच भेगेवर दोघांचा हक्क, असं पुष्कळदा होतं.

म्हणजे तुमचं कुंड हे एकट्या झऱ्याचं नाही. खालून कढत पाणी येतंय, बाजूच्या दगडांमधून नदीचं गार पाणी झिरपतंय, आणि या दोघांच्या भांडणात जे ठरेल ते त्या क्षणाचं तापमान. ‘तिथलं पाणी एवढं एवढं गरम आहे’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि स्वतः मोजा. गरम पाणी वर तरंगतं, गार तळाशी बसतं. पण झऱ्याचं तोंड तळात असेल तर तिथली वाळूच पाय भाजते. एका हाताच्या अंतरावर दहा अंशांचा फरक पडलेला मी पाहिला आहे. स्वयंपाकघरातला थर्मामीटर काठीला बांधून न्या आणि चार-पाच जागी, वर आणि खाली, बुडवून पाहा. ४० अंशांपर्यंत बसायला हरकत नाही. ४५ च्या पुढे अंगाला पोळायला लागतं. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजतं, म्हणजे ‘अरे बापरे’ म्हणून बाहेर येईपर्यंत काम झालेलं असतं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवा. बोटं निबर असतात, ती खोटं सांगतात. डोळ्यांवर तर मुळीच विसंबू नका. बुडबुडे येतात म्हणजे पाणी उकळतंय असं नाही, पुष्कळदा तो नुसता वायू असतो. आणि निवांत, काचेसारखं नितळ पाणी कढत असू शकतं. पाणी जास्त गरम असेल तर नदीच्या अंगाचा एखादा दगड सरकवून गार पाणी आत घ्या, थोडं थांबा, ढवळा, पुन्हा मोजा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुम्हाला काळजी गरम पाण्याची आहे, मला नदीची आहे. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही नदी चढते. कुंडात बसलेल्याला याची पहिली वर्दी पाण्यातूनच मिळते : काही कारण नसताना कुंड गार व्हायला लागतं. नदी दगडांवरून आत शिरत असते. मग पाणी गढूळ होतं, पाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. यातलं एक जरी जाणवलं तरी कपडे गोळा करत बसू नका, काठ चढा. कपडे, चपला, फोन आधीपासूनच उंचावर ठेवलेले बरे. झऱ्यावर पोचायला नदी ओलांडावी लागत असेल तर परतीचाही विचार तेव्हाच करा. गरम पाण्यात बसून उठलेल्या माणसाचे पाय सैल पडलेले असतात आणि तेवढ्यात पाणीही वाढलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात गार्डनर नदीला गरम पाण्याचा प्रवाह मिळतो, त्या जागेला बॉइलिंग रिव्हर म्हणतात. लोकांना तिथे उतरायची रीतसर परवानगी होती, तरी बर्फ वितळून नदी फुगली की ती जागा बंद ठेवत. जून २०२२ च्या पुराने तिथली वाट आणि आसपासचा रस्ता उद्ध्वस्त केला, तेव्हापासून ती बंदच आहे.

बसायचं दहा-पंधरा मिनिटं, मग बाहेर येऊन पाणी प्यायचं. उठताना सावकाश, गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, ताडकन उभं राहिलं की भोवळ येते आणि खाली दगडच असतात. दारू पिऊन उतरू नका. कुंडातून थेट गार नदीत उडी मारण्याची चूष अनेकांना असते. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ती करू नये आणि इतरांनीही वाहत्या पाण्यात करू नये, असं माझं मत आहे.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी पाण्यात डुबक्या मारते. तिला अशा कुंडात सोडू का?

उत्तर : कमरेएवढ्या पाण्यात, तुमच्या हाताच्या अंतरावर आणि थोडाच वेळ. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, म्हणून तिच्यासाठी पाणी कोमटच हवं. डुबक्या मात्र बंद. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा वाढतो, ४६ अंशांपर्यंतही तो तग धरतो. पाणी पोटात गेल्याने त्याची लागण होत नाही. नाकातून आत शिरला तर तो मेंदूपर्यंत पोचतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर रुग्ण जवळजवळ वाचतच नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रोमन स्नानगृहात १९७८ मध्ये पोहलेली एक मुलगी याने दगावली आणि तिथलं पोहणं थांबवण्यात आलं. तेव्हा नियम एकच, नाक पाण्याच्या वर. हा मी स्वतःही पाळते. तळातला गाळही उगाच ढवळू देऊ नका.

प्रश्न : तिथे कुजक्या अंड्यांचा वास येतो, चांदीचं पैंजण काळं पडलं, दगडांवर हिरवा-नारिंगी बुळबुळीत थर आहे. साबणाने थर काढून स्वच्छ अंघोळ केली तर चालेल का? वासाचा त्रास होतो का?

उत्तर : वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि पैंजणही त्यानेच काळं केलं. मोकळ्या हवेत थोडासा वास निरुपद्रवी. पण हा वायू हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात किंवा कपारीत साचतो आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो. ‘आता वास गेला’ असं कपारीत वाटलं तर उघड्यावर या.

तो थर खरवडू नका. ते जिवंत सूक्ष्मजीव आहेत, रंगही त्यांचेच. यलोस्टोनच्या गरम पाण्यातून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी शोधलेल्या अशाच एका जिवाणूचं वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्यातल्या विकराने (एन्झाइमने) पुढे पीसीआर चाचणी घडवली, जी करोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकापर्यंत आली. साबण, शाम्पू, तेल काहीच नको. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलंही नको, कारण कुंडातलं पाणी थेट नदीत जातं. पायाखाली थर असेल तर रबरी तळाच्या चपला घालून उतरा. साबणाची अंघोळ घरी गेल्यावर करा, आणि पैंजण आधीच काढून ठेवा.